तक्रार न करणारा पेशंट

माझ्या वडिलांइतका कुरकुऱ्या माणूस दिवाळे गावात दुसरा नसेल. आईचं कालवण, खाडीचं पाणी, माझा न आलेला फोन, सगळ्यावर यांना बोलायचं असतं. फक्त जिथे तक्रार ऐकायलाच बोलावतात, तिथे यांची दातखीळ बसते.

चार वर्षांपूर्वी बाबांचं हृदय पार कामातून गेलं होतं. दोन पावलं टाकली की बसायचे. सगळी औषधं करून झाली, तेव्हा एका हॉस्पिटलातल्या प्रयोगात त्यांना घेतलं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूबरोबर चांगलं जनुक नळीतून हृदयात सोडायचं, असा तो उपचार. आज बाबा स्वतः होडी वल्हवतात. पण दहा-पंधरा वर्षांनी ते जनुक शरीरात काय करेल, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तसं त्यांनी सही घेण्याआधीच सांगितलं होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी बोलावतात, रक्त घेतात आणि एकेक विचारून कागदावर लिहितात. ताप? चक्कर? धडधड? कुठे दुखतं?

"काय पन नाय. एकदम बेस हाय," असं म्हणत बाबा टेबलावर सुक्या जवळ्याची पिशवी ठेवतात. त्या वासाने बिचाऱ्या डॉक्टरीणबाई खिडकी उघडतात आणि 'तक्रार नाही' असं लिहितात.

आणि घरी? उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून रोज सकाळी आईचं डोकं खातात. अर्ध्या भाकरीवरून उठतात. असल्या उपचाराचा त्रास यकृताला होऊ शकतो, हे पहिल्याच दिवशी आम्हाला समजावलं होतं. मागच्या खेपेला रक्त ठीक आलं, पण दुखणं नंतर वाढतच गेलं. मी पुढच्या तारखेचे दिवस मोजते आणि हे खुशाल जाळं विणत बसतात.

"बाबा, तिथे का नाही बोलत तुम्ही?"

"त्यांनी माजा जीव वाचवला. आन त्यांच्याच तोंडावर त्यांच्या दवेला नावं ठेवू?"

"अहो, त्यासाठीच तर बोलावतात! मीच सांगते आता."

"मंग मी येनारच नाय."

खरंच आले नसते. मी कपाळावर हात मारून घेतला. असला राग आला होता की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

परवा पुन्हा तारीख होती. बाकावर आमच्या शेजारी एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. त्याचे पाय सुजून टम्म झालेले, एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. हाच उपचार घ्यायचा की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. तिच्या हातात संमतीचे कागद होते.

"काका, तुम्ही घेतलंय ना हे? काही त्रास होतो का?" तिने विचारलं.

आता 'काय पन नाय' येणार, म्हणून मी ओठ आवळून बसले. बाबा त्या माणसाच्या पायांकडे बघत राहिले.

"मी आता होडी वल्हवतो, बाय. पन हितं बरगडीखाली दुखतं, आठ म्हयने झाले. जेवान जात नाय."

आठ महिने डॉक्टरांपुढे चकार शब्द नाही आणि अनोळखी बाईला दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळे! तिथेच त्यांना फाडून खावंसं वाटलं.

बाईने कागद उलटले. आधीच्या पेशंटांना काय काय त्रास झाले, त्याच्या यादीवरून तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"यात तर कुणालाच असं दुखल्याचं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले मग?"

बाबा वाकून त्या यादीकडे बघू लागले. तिचं बोट तसंच यादीवर होतं.

नंबर यायचा होता, तरी बाबा उठले आणि थेट दार ढकलून आत गेले. त्यांचा आवाज बाहेर बाकापर्यंत आला.

"डाक्टरबाय, माजा मागचा कागद काढा. मी चुकीचा सांगितलाय."