भंगारबाईंचा पहिला प्रश्न

कारखान्यात त्यांना खरेदीवाल्या बाई म्हणून कोणी हाक मारत नसे. सगळे भंगारबाई म्हणत, तेही तोंडावर. त्यांना राग येत नसे, उलट त्या नावाचा थोडा तोराच होता. सुटे भाग पुरवू पाहणाऱ्या नव्या माणसाच्या शेडमध्ये गेल्या, की मांडून ठेवलेले गुळगुळीत नमुने बाजूला सारून त्या विचारत, "तुमचा नापास माल कुठे टाकता? तो दाखवा आधी."

समोरच्याची भंबेरी उडे. कुणी छाती काढून म्हणे, "आमच्याकडे नापास होतच नाही." झालं! त्याच्या नावावर तिथल्या तिथे काट. बाईंचं म्हणणं साधं होतं. चूक सगळ्यांच्याच हातून होते, आणि ज्याच्याकडे ती बाजूला काढलेली दिसत नाही, त्याने ती मालात भरून पाठवलेली असते. बावीस वर्षं हेच करून त्यांनी कारखान्याच्या घडीच्या खुर्च्या लोकांच्या बुडाखाली शाबूत ठेवल्या होत्या.

मग मालकांच्या डोक्यात वॉकर आला. म्हाताऱ्या माणसांनी धरून चालायची ती चार पायांची चौकट. पहिले दोन नमुने मोडीत निघाले. तिसरा मालकांच्या सासूबाईंनी आठवडाभर घरात फिरवला आणि, "मूठ बारीक करा, मी काही पैलवान नाही," असं सुनावलं. मूठ बारीक झाली. राहिले ते चार पायांना घालायचे रबरी बूट. वस्तू इवलीशी, पण ओल्या फरशीवर म्हातारं माणूस उभं राहणार ते तिच्याच भरवशावर.

बूट पुरवायला तिघे पुढे आले. त्यातला एक बाईंचा सख्खा थोरला भाऊ.

दादाने रबराच्या प्रेसवर हात भाजून घेत बहिणीचं शिक्षण केलं होतं. आता त्याच्या तीन प्रेसपैकी एकच चालू होती. हे काम मिळालं नाही तर तीही बंद पडणार, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यात नमुना त्याचाच सरस निघाला. बाई मनातून हरखल्या होत्या, ते कशाला लपवायचं?

त्या दादाच्या शेडमध्ये गेल्या तेव्हा जमीन आरशासारखी लख्ख होती. दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा, वहिनी चहाचा कप घेऊन.

"दादा, नापास माल दाखव."

"तू येणार म्हणून काल सगळं झाडून काढलं की! एक तुकडा ठेवला नाही," दादा हौसेने म्हणाला.

"कशात काय चुकलं, ते कुठे लिहून ठेवलंयस?"

"लिहायचं काय त्यात? माझ्या हाताला कळतं." मग त्याचा चेहरा उतरला. "बोट धरून चालायला शिकवलं मी तुला. आणि माझंच भंगार तपासतेस?"

बाई निघाल्या. चहा तसाच राहिला.

कारखान्यात परतून त्यांनी दादाच्या नावावरही काट मारली. "पण बाई, नमुना तर त्याचाच चांगला," मालक म्हणाले.

"एक नमुना जीव ओतून कुणीही करतं, साहेब. हजारावा बूट कसा येईल, ते मला दिसलं नाही."

घरी जाऊन त्या ढसाढसा रडल्या. आपल्यासारख्याने डोळेझाक केली असती आणि वर भावावरचं प्रेम म्हणून मिरवलं असतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघांच्या शेड पाहिल्या. एकाच्या नावावर काट बसली. दुसऱ्याकडे नापास मालाचं खोकं होतं, चिठ्ठ्या लावलेलं. त्याचं जवळजवळ ठरलंच.

बाराव्या दिवशी दादा खांद्यावर गोणी घेऊन आला आणि ती बाईंच्या टेबलावर उपडी केली. शे-दीडशे काळे बूट. प्रत्येक मधोमध चिरलेला, आत पांढऱ्या खडूने लिहिलेलं. 'आत हवा.' 'कड पातळ.' 'साचा थंड.' खाली तारीख.

बाई एकेक उचलून बघत गेल्या. दहा-बारा बुटांवर मात्र नुसती तारीख होती. चिरूनही आत डाग नाही, कड सगळीकडे सारखी.

"हे का नापास? यांत तर काही खोट दिसत नाही."

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू चहा न घेता गेलीस ना, त्या दिवसाचे आहेत. माझं घड्याळाकडे लक्षच नव्हतं. साच्यात पुरेसा वेळ राहिले की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते पाठवायचं कसं?"

 बाईंनी चाचणीचा कागद पुढे ओढला आणि खोकंवाल्याच्या नावाखाली दादाचं नाव लिहिलं. दोघांचे शंभर-शंभर नग.

"ओल्या फरशीवर दोघांचेही घासून बघणार आहे. तुला सूट नाही."

"मागितलीय कुणी?"

बाईंनी पर्स उचलली. "चल. वहिनीकडे माझा एक चहा राहिलाय."