कर्नल काजळे सापडले, पण...

वाचक मंडळींनो, आज दुपारी माझा थोरला भाऊ घरातून निघून गेला. त्याची स्मृती गेली आहे. स्वतःचं नावही आता त्याला आपलं वाटत नाही.

जळगाव जामोदच्या बाजारात, बस स्टँडवर मी "वसंतभाऊ, वसंतभाऊ" अशा हाका मारत दोन तास फिरले. घसा बसला. ऊन मी म्हणत होतं आणि तो अनवाणी होता.

महाराष्ट्र नवा होता तेव्हा वाचनालयातल्या गुप्तहेरकथा वाचून आम्ही दोघं एक खेळ खेळायचो. मी इन्स्पेक्टर. भाऊ कर्नल काजळे, सगळ्या गुन्ह्यांमागचं डोकं. हे नाव त्यानेच शोधलं होतं. नियम एकच: खऱ्या नावाने हाक मारली तर कर्नलने ओ द्यायची नाही.

ते आठवलं आणि मी तशीच घरामागच्या जुन्या गोठ्याकडे, कर्नलच्या तेव्हाच्या अड्ड्याकडे धावले. दारातून ओरडले, "कर्नल काजळे, बाहेर या!"

कडब्याआडून आवाज आला, "हाव. काऊन बे इन्स्पेक्टर, आज इतका उशीर?"

मी त्याचा हात घट्ट धरला. तो कळवळून म्हणाला, "आज सोड ना मले. माही बहीण घरी वाट पाहून राह्यली."

मी इन्स्पेक्टरच्याच थाटात म्हटलं, "चल, तिच्याकडेच नेतो."

आता घरी आलो आहोत. तो दाराकडे बघत बसलाय, बहिणीची वाट पाहत. मी समोरच आहे. तिला कुठून आणू, सांगा.