खरेदीला सोबत

आमच्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि तो अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. तेव्हा कॉलेजच्या वार्षिकांकात लेख देण्याचा हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा. विषयही काही थोर नाही. बिजागऱ्या, नळ, वायर, आणि या वस्तू स्वस्तात कशा मिळवाव्यात हे जन्मजात ठाऊक असलेला माझा वर्गमित्र इरफान. पण गेले काही महिने माझ्या मनात दुसरे काही येतच नाही, आणि जे मनात नाही ते लिहिण्याइतका मी तयार झालेलो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीच्या पेठेत शिरले की आधी हळदीचा वास येतो. कोरडा, थोडा कडवट, उन्हात तापलेल्या पोत्यांतून उठणारा. मग गुळाचा जड गोडवा, आणि पुढच्या वळणावर तो एकाएकी संपून तेलाचा, गंजाचा, नव्या रबराचा वास सुरू होतो. लोखंडी सामानाची गल्ली ती. पलूसला आमच्या पत्र्याच्या घराच्या जागी विटांच्या दोन खोल्या उभ्या राहत होत्या आणि आत बसवायचे सारे सामान घ्यायचे होते. मी कराडला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलो होतो. मीटर मागच्या भिंतीऐवजी दारालगत घेतला तर वायर कितीतरी कमी लागेल, असे मी वडिलांना सांगितले होते. ते "बघू" म्हणाले होते. त्याच आठवड्यात इरफान सांगलीहून आमच्याकडे जेवायला आला, आईच्या हातची भाकरी मोडता मोडता "काका, खरेदीला मी येतो की तुमच्यासंगं" म्हणाला, आणि वडिलांचा चेहरा असा उजळला, जणू घरावर छप्पर त्या क्षणीच चढले.

इरफानची खरेदी पाहण्यासारखी असते, हे मला कबूल करावेच लागेल. जे हवे ते तो आधी विचारतच नाही. पंखा हवा असला तर अर्धा तास नळांविषयी बोलतो. खोके फाटलेला माल मागतो, कारण खोके कुणी छताला टांगत नाही. गेल्या साली चालणारा आणि यंदा कुणी न विचारणारा फिक्कट हिरव्या रंगाचा पंखा त्याने कोपऱ्यातून स्वतः ओढून काढला. पुढच्या दाराला पितळी बिजागऱ्या, आतल्या दारांना लोखंडी. वायरचे अख्खे वेटोळे घ्यायचे आणि शेजारी बांधकाम काढलेल्याला त्यातले निम्मे द्यायचे. दुकानदार शेवटी कपाळ पुसत म्हणाला, "तू गिऱ्हाईक हायस का दरोडेखोर?"

"आवं शेठ, दरोडेखोर पावती मागतो व्हय?"

वडील हसले. कारखान्यातल्या भट्टीसमोर आयुष्य गेलेला तो माणूस, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझ्या दहावीच्या निकालाला ते रडले होते, कराडला प्रवेश मिळाला तेव्हाही रडले होते. माझ्यामुळे ते हसल्याचे मला आठवत नव्हते. मी त्या हिरव्या पंख्याची पाती पुसत उभा राहिलो. थोड्या वेळाने धीर करून म्हणालो, "अर्थिंगच्या तारेत मात्र काटकसर नको."

"घे की मग," वडील म्हणाले. "पर इरफानला इचार."

शिजवलेल्या हळदीचा वास कपड्यात बसला की धुऊनही हलत नाही. मत्सराचेही तसेच असावे. नव्या घरात बुद्धवंदना झाली, पंखा फिरला, पाहुणे वर पाहू लागले, आणि वडील प्रत्येकाला सांगत राहिले, "इरफाननं आनलाय." मीटर दारालगतच बसला होता. त्याविषयी कुणी विचारले नाही. मला स्वस्त घेता येत नाही. पहिल्या वर्षी कॅल्क्युलेटर घेतला तो कराडच्या दुकानदाराने सांगितलेल्या भावाला, मान खाली घालून, एकट्यानेच. सोबत वडिलांना न्यावे असे तेव्हा मनात आले नव्हते, आणि आले असते तरी त्यांच्या रांगड्या बोलण्याने दुकानात आपली शोभा होईल, या भयाने मी ते परतवले असते.

जुलैत कॉलेज सुरू झाले आणि इरफानने कॉम्प्युटर घ्यायचे ठरवले. सांगलीच्या घरी ठेवण्यासाठी, पुण्याहून, सुटे भाग जोडून केलेला. त्याचे वडील आखातात. पैसे त्यांनी पाठवले होते. माझा जीव हरखला. ही गल्ली तरी माझी होती. ग्रंथालयातले कॉम्प्युटरविषयक मासिकांचे सारे अंक मी चाळले. पेटी साधी चालेल, मॉनिटर काळा-पांढरा आणि वापरलेला चालेल, पण मेमरीत हात आखडता घेऊ नये, असे एकेक मी त्याला मेसच्या ताटावर सांगत गेलो. तो मन लावून ऐकायचा. कोयनेवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात वसतिगृहाच्या भिंतींना बुरशी धरत होती, आणि मी रोज त्याच्या एका वाक्याची वाट पाहत होतो, "चल की गड्या पुण्याला." शनिवारी तो नेहमीसारखा घरी गेला. सोमवारी आला तेव्हा कॉम्प्युटर आलेला होता. चांगला मिळाला, एवढेच म्हणाला. मी अभिनंदन केले, आणि रात्री जेवलो नाही.

गुरुवारी पलूसच्या आमच्या गल्लीतले शिवादादा कराडच्या बाजाराला आले होते. आईने दिलेली चटणी घेऊन ते वसतिगृहाच्या दारात उभे राहिले.

"तुझा बा पुन्याला जाऊन आला की रं! त्या इरफानसंगं, कंपूटर आनाया."

माझा विश्वास बसेना. वडिलांनी कॉम्प्युटर चित्रातही नीट पाहिलेला नव्हता.

"आरं, त्ये पोरगं घरी आलं, म्हनलं, काका, माझा बा हितं न्हाई, पैली मोठी खरेदी हाय, सोबत मोठं मानूस पायजे. तुझ्या बानं लग्नातला सदरा काढला. दुकानात नुसता बसून हुता म्हनं, एक शबुद बोलला न्हाई. पर त्यो टीव्हीवानी डबा येताना सगळ्या वाटंनं मांडीवरच, कुनाला हात लावू दिला न्हाई."

मी चटणीचा डबा हातात घेऊन उभा होतो. कुणाचा हेवा करावा ते मला कळेना. वडिलांना नेणाऱ्याचा, की त्याच्यासोबत गेलेल्या वडिलांचा? पुण्याहून येताना रेल्वे कराडवरूनच गेली असणार, हे माझ्या ध्यानात यायच्या आत शिवादादाच म्हणाले,

"फकस्त कराडला गाडी थांबली तवा त्यो डबा इरफानकडं देऊन तुझा बा दारात येऊन हुबा ऱ्हायला. गाडी हलंस्तवर फलाट बघत हुता. त्याला वाटलं, तुला म्हाईत आसंल, तू येशील."