एर्मिनियाबाईंनी विझवलेली भट्टी

एर्मिनियाबाईंना वैतागायला एरवी कारण लागत नसे, पण त्या रविवारी कारण होतं. माउले नदीकाठच्या आमच्या गावात बायका पहिल्यांदाच मत देणार होत्या. नगरपालिकेला बाई उभीही राहू शकणार होती, आणि कपडे शिवणाऱ्या एर्मिनियाबाई उभ्या राहिल्या होत्या. कशासाठी, तर आमच्या गल्लीला नळ हवा म्हणून. नदीवरून चढ चढत बादल्या आणताना आमच्या कमरा गेल्या होत्या.

बायकांचं मतदानाचं टेबल वेगळं. तिथे नवऱ्यांनी फिरकायचं नाही. म्हणजे मैदान मोकळं. पण दुपार झाली तरी टेबलाशी चिटपाखरू नाही. बाई तणतणत आमच्या शेजारच्या क्लोरिंदाच्या परसात आल्या, तर गल्लीतली सगळी मतं तिथे पीठ मळत बसलेली.

निवडणूक म्हटली की एम्पानादा आल्याच. प्रत्येक पक्ष आपले मतदार सकाळपासून एका घरात कोंडतो, खिमा-कांदा भरलेल्या या गरम करंज्या खाऊ घालतो आणि तिथून थेट मतपेटीशी नेतो. करायच्या कुणी? आम्ही. दर वेळी करतो, तशा याही वेळी करत होतो.

"अगं, टेबल उठायची वेळ झाली," बाई म्हणाल्या.

"एवढा घाणा निघू दे," क्लोरिंदा भट्टीतून डोकं न काढता म्हणाली. "मत काय पळून जातंय?"

"हो. पळूनच जातंय."

मी म्हटलं, एकेकीने जाऊन येऊ. तर मागे कांदा कोण चिरणार यावरून भांडण जुंपलं. बाईंनी कपाळाला हात लावला, दारातली भरलेली बादली उचलली आणि सरळ भट्टीत ओतली.

धूर जरा निवळल्यावर क्लोरिंदाने रिकामी बादली उचलली. "नदीवरून आणलेलं पाणी होतं ते. मी आणलेलं."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "चला."

करायला दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून गेलो. पिठाच्या हातांनी, वाटभर त्यांना शिव्या देत. मत दुसऱ्यालाच देणार, असं क्लोरिंदा बजावत होती. कोंडलेले पुरुष तिकडे उपाशीपोटी आमच्या नावाने खडे फोडत होते.

बाई निवडून आल्या, अगदी काठावर. पुढे नळासाठी पालिकेत भांडता भांडता त्यांचा घसा बसला, पण नळ आला. पहिली बादली क्लोरिंदाने भरली. बाई कौतुकाने पुढे झाल्या, तशी तिने बादली चटकन दुसऱ्या हातात घेतली.

"लांबूनच बघा," ती म्हणाली. "घरी भट्टी पेटलीय."