स्पॅनिश गाण्यांची पहिली यादी

एखादे गाणे कोणत्या भाषेतले आहे हे कोणी ठरवायचे: गाणाऱ्याने, विकणाऱ्याने, की ऐकणाऱ्याने? या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी लिहायला बसले. पण हा प्रश्न मला सुचलेला नाही. अमेरिकेतल्या सांता क्लारामधल्या आमच्या ऑफिसात तो आमच्या ज्येष्ठ सहकारी ताईंनी उभा केला, आणि उत्तर शोधू लागले की त्याच समोर येतात.

कोणी एखाद्या गाण्याबद्दल ठामपणे बोलू लागले की ताई आपल्या कानांवरचे हेडफोन काढत आणि त्याच्यापुढे धरत. तो गोंधळला की विचारत, "पूर्ण ऐकलंत का? नाही ना? मग थांबा, बाप्पा." हे 'बाप्पा' त्यांनी नागपूरहून आणले होते आणि त्यातून मॅनेजरचीही सुटका नसे.

आमचे काम आधी नीट सांगते. दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. अख्खी सीडी घेण्याऐवजी हवे ते एकच गाणे नेटवरून विकत घ्यायची सवय लोकांना नुकतीच लागत होती. नेटवरची दुकाने विक्रीचे आकडे आमच्या छोट्या कंपनीकडे पाठवत. आम्ही त्यांची बेरीज करून क्रम लावत असू. एका संगीत मासिकाला अशी एक नवी साप्ताहिक यादी हवी होती: अमेरिकेत सर्वाधिक विकली गेलेली स्पॅनिश गाणी. पुण्याच्या निखिलने प्रोग्रॅम लिहिला, त्यातली माहिती मी तपासत असे आणि ताई सगळ्यात शेवटी मंजुरी देत. त्यांच्या मंजुरीशिवाय काहीही बाहेर जात नसे.

ताईंनी या कामासाठी स्पॅनिश शिकायला सुरुवात केली होती. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. ऑफिस सुटले की त्या कम्युनिटी कॉलेजच्या वर्गाला जात आणि दुपारी डबा खाताखाता क्रियापदे पाठ करत. एकदा निखिल एक गाणे ऐकून भारावून म्हणाला, "काय लव्ह साँग आहे, यार!" ताईंनी ते पुन्हा लावले आणि ओळीओळीचा अर्थ सांगितला. गाणे एका हरवलेल्या घोड्याबद्दल होते.

"प्रेम आहेच की, ताई," निखिल म्हणाला.

"आहे ना. घोड्यावर," ताई म्हणाल्या, आणि पुढचे गाणे लावले.

पहिली यादी पाठवायचा दिवस उजाडला. चाचणीची यादी मासिकाने आधीच पाहिली होती आणि पहिल्या क्रमांकाच्या गाण्यावर ते खूश होते. नाचावेसे वाटेल असे ते गाणे होते. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकले, पुन्हा एकदा ऐकले आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे पोर्तुगीज आहे. ब्राझीलचं."

निखिलचा चेहरा पडला. दुकाने ज्या गाण्यांना 'लॅटिन'च्या कप्प्यात ठेवत, ती सगळी त्याने स्पॅनिश धरली होती. "पण ताई, सगळं लॅटिनच ना? आता कॅन्सल केलं तर मासिकवाले आपल्याला सोडून जातील."

मी ताईंना बाजूला घेतले. त्यांचे ग्रीन कार्ड याच कंपनीमार्फत चालले होते. नोकरी गेली असती तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते, आणि त्यांची मुलगी तेव्हा हायस्कुलात होती. "ताई, या आठवड्यापुरती मंजुरी देऊन टाका," मी म्हटले. "पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू."

"आणि या आठवड्याचा पहिला क्रमांक खरा कोणाचा?" त्यांनी विचारले.

तेवढ्यात मॅनेजर आला; निखिलने त्याला सगळे सांगितले होते. त्याचे आईवडील मराठी, तो वाढला अमेरिकेतच, पार्सिपनीत. मराठी त्याला पूर्ण समजे, पण उत्तर तो इंग्रजीत देई. वयाने ताईंपेक्षा लहान, म्हणून त्या त्याला अरे-तुरे करत.

"इट्स क्लोज इनफ," तो म्हणाला. "हू विल नोटिस?"

"ज्याचं आहे तो," ताई म्हणाल्या. "मला सांग, शाळेत तुला मुलं म्हणायची ना, हिंदी बोलून दाखव?"

"ऑल द टाइम."

"मग तू काय सांगायचास?"

"दॅट आय स्पीक मराठी."

"मग ती ऐकून घ्यायची?"

"नो."

"मग आज तू कोणाच्या बाजूला उभा आहेस ते बघ, बाप्पा. मी मंजुरी देणार नाही."

त्याने मासिकाला फोन करून यादी उद्या मिळेल असे सांगितले. पलीकडचा चिडलेला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. फोन ठेवून त्याने स्वतःच एक हेडफोन उचलला आणि तो ताईंच्या शेजारी बसला.

मग आम्ही कप्प्यातली गाणी आपापसांत वाटून घेऊन ऐकली. ताईंनी आम्हाला खूण शिकवली: 'मी' म्हणायला स्पॅनिशमध्ये 'यो', पोर्तुगीजमध्ये 'एउ'. बहुतेक गाण्यांत माणूस स्वतःबद्दलच रडत असतो, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही. मिश्र भाषेच्या गाण्यांसाठी त्यांनी नियम घातला, की निम्म्याहून अधिक ओळी स्पॅनिश हव्यात. मग स्पॅनिश धृपद कितीही गाजलेले असो. दुसऱ्या दिवशी यादी गेली. पहिल्या क्रमांकावर अकॉर्डियनवाल्या एका मेक्सिकन बँडचे गाणे होते. या बँडचे नाव आमच्यापैकी कोणी कधी ऐकले नव्हते.

पुढचे गोड करून सांगणार नाही. वरच्या साहेबांना हा उशीर खटकला. ताईंना या कामातून काढले आणि त्यांची कागदपत्रे हळूहळू कोणाच्या तरी टेबलावर मागे पडली. मॅनेजर त्यांच्यासाठी भांडला, पण त्याचे चालले नाही. काही महिन्यांनी ताईंनी दुसऱ्या शहरात, बेलव्ह्यूला नोकरी धरली आणि ग्रीन कार्डची रांग पहिल्यापासून लावली. त्या जात असताना मी विचारले, "पश्चात्ताप होतो का?"

"रांगेचा होतो," त्या हसल्या. "यादीचा नाही."

त्यांचा नियम मात्र राहिला. मासिकानेच तो मागून घेतला आणि दर आठवड्याला यादीखाली छापू लागले. ताईंचे नाव त्यात नव्हते. तरी मासिकाचा अंक पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहताना माझी मान ताठ होई. अजूनही होते.

मी त्यांच्या बाजूची आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. म्हणून केवळ माझ्या शब्दावर जाऊ नका. एक गाणे ब्राझीलचे घ्या, एक मेक्सिकोचे. दोन्ही शेवटपर्यंत ऐका. आणि यादी थांबवणे बरोबर होते की नाही, ते कृपया स्वतः तपासून पाहा.