परड्याचं दार

मी गाव सोडलं ते घरामागच्या परड्याच्या दारानं. चोरी करून नव्हे, कुणाचा हात धरून नव्हे. चांगली राजरोस निघाले होते. आबांच्या खांद्यावर माझी पत्र्याची ट्रंक, माझ्या हातात आईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी. पण नेमका त्याच सकाळी शेजारचा नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघायचा होता. हलगी कडाडत होती. मी सोप्यात चप्पल घालायला वाकले, तर आई आतनं धावत आली, माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "मालन, जरा माघारी सर गं. त्येंचं निघू दे. तू परड्यातनं जा."

नवरदेवाला मी आडवी जायला नको, म्हणून. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझा नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. त्याचे दिवस घातले आणि सासरच्यांनी मला माहेरच्या दारात आणून सोडलं, वर नाव ठेवलं, पांढऱ्या पायाची. ट्रॅक्टरचे ब्रेक कसले होते ते कुणी बघितलं नाही. माझ्या पायांचा रंग मात्र साऱ्या गावाला दिसला!

तर परड्यातनं, गोठ्यामागनं, उकिरड्याला वळसा घालून आम्ही बापलेक फाट्यावर आलो. कोल्हापूरची एसटी आली तेव्हा आबा ट्रंक वर चढवून म्हणाले, "शिवणकाम नीट शिक. आन् पोटाला खात जा." मी खिडकीतनं बघितलं, तर ते पाठ फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

हे मी लिहितेय ते गावात राहिलेल्या माझ्या बायांसाठी, आणि आजऱ्याकडनं, गडहिंग्लजकडनं कोल्हापुरात येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. खोटं बोलायचं नाही, म्हणून आधीच सांगते. घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आई तर माझ्यावर जीव टाकायची. मी काजूच्या कारखान्यात जायची, टरफलाच्या तेलानं माझे हात काळे पडायचे, तर ती खोबरेल चोळून द्यायची. पण घरात काही चांगलं निघालं, कुणाची ओटी, कुणाचं बारसं, की तीच आई हळूच सांगायची, माघारी सर. दादाच्या पियूची कुंची मी शिवली. टाके असे घातले होते की आजऱ्याच्या शिंप्यानं बघत राहावं. पण पोरीला पाळण्यात घातलं तेव्हा मी मागच्या खोलीत घुगऱ्या ढवळत बसले होते. गाणी ऐकू येत होती. आईला वाटायचं, पोरीला लोकांनी तोंडावर बोलण्याआधी आपणच बाजूला केलेली बरी. तिची माया खरी होती, आणि त्या मायेनंच मला जास्त लागायचं.

कोल्हापुरात मी उतरले ती कळंब्याला. पत्ता सांगताना तिथल्या जेलची खूण सांगावी लागायची, तर आमची चुलती म्हणाली म्हणे, "बरोब्बर जागी गेली!" तिच्या जिभेला हाडच नाही, पहिल्यापासून. मला खोली दिली मार्थाकाकूंनी. सत्तरीची बाई, नवरा जाऊन जमाना झालेला, आवाज असा की कळंब्याच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावा. पहिल्याच दिवशी ट्रंक बघून म्हणाल्या, "एवढंच सामान? बरं झालं. झाडाय सोपं."

मी क्लास केला, मशीन घेतलं, आणि बघता बघता कळंब्याच्या बायका माझ्याकडं ब्लाउज टाकायला लागल्या. नवरीचे ब्लाउज तर खास. गंमत बघा, ज्या बाईनं नवरीसमोर यायचं नाही, तिच्या हातचं शिवलेलं अंगावर घालून पोरी बोहल्यावर चढत होत्या! मी कुणाला काही सांगायची नाही. माप घ्यायची, पैसे घ्यायची, आणि लग्नाला या म्हटलं की डोकं दुखतंय म्हणायची.

काकूंच्या बरोबर मी चर्चला गेले त्यात फार मोठं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "रविवारी भिंतीकडं बघत बसण्यापरीस चल. गाणी चांगली असत्यात." त्या दिवशी उपासनेनंतर जेवणही होतं, हे पण कबूल करते. मी सगळ्यात शेवटी, चपलांच्या जवळ बसले. तिथं पाळकांनी एका बाईची गोष्ट सांगितली. बिचारीच्या वर्षानुवर्षं अंगावरून जात होतं. लोक तिला शिवत नव्हते. येशूभोवती ही गर्दी. ती आपली गर्दीत मागून आली, त्याच्या झग्याच्या काठाला गुपचूप बोट लावलं, आणि बरी झाली. तशीच मागच्या मागं निघून जाणार होती. पण तो थांबला. वळला. कुणी हात लावला, म्हणाला. आणि सगळ्यांच्या देखत तिला पुढं बोलावलं. म्हटलं, आता हिला झाडणार! तर तो तिला 'मुली' म्हणाला.

मी रडले की हो, चपलांच्या शेजारी बसून. मागून येऊन गुपचूप मागच्या मागं जाणारी बाई म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिला पुढं बोलावणारा कुणी असतो, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

तरी ऐकणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. पुढं काकूंच्या नातीचं, रूथचं लग्न निघालं. आमच्या मराठी ख्रिस्ती लग्नांत हळद असते, बांगड्या असतात, हळदीची गाणी तर अशी की शेजारच्यांनी खिडक्या उघडाव्यात. मी रूथचा पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज शिवून दिला, आणि हळदीच्या दिवशी सवयीनं जाऊन मागं कांदे चिरत बसले. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप गेले. बाहेर गलका झाला, "मालनआत्ती कुटं हाय?" आणि मार्थाकाकू कोपरापर्यंत हळदीनं भरलेले हात घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"काय करतीस हितं?"

"काकू, मी... मला चालत न्हाय न्हवं."

"काय चालत न्हाय? पाय?"

"तसं न्हवं. मी विधवा हाय."

मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं आणि मी म्हटलं, "काकू, तुमी लावली हळद?"

"मग कोण लावणार? आज्जी न्हवं का मी तिची! सगळ्यांच्या आदी मीच लावली." आणि त्यांनी तो पिवळा हात सरळ माझ्या गालावर थापला. "ऊठ. कांदं कुटं पळून जात न्हाईत."

कांद्यामुळं डोळ्यांना पाणी आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. रूथच्या गालाला हळद लावताना मी एवढी घाई केली की तिच्या नाकात गेली. पोरगी शिंकली, सगळे हसले, आणि काहीही वाईट झालं नाही. आज रूथला दोन मुलं आहेत आणि नवरा तिच्या शब्दाबाहेर नाही.

त्यानंतर मी बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी विचारलं, नवीन नाव काही ठेवायचंय का? मी म्हटलं, नाव हाय तेच असू द्या, नावाला कोण वाईट म्हणालं न्हवतं. पाण्यातनं वर आले तेव्हा एकच गोष्ट मनात आली, की सासरच्यांनी ठेवलेलं ते दुसरं नाव खाली राहिलं. मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की घरी येऊन मी भरदुपारी गाढ झोपले.

घरी सांगायला मी स्वतः गेले. आबा सोप्यात बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोल्हापूरला पोट भरायला गेलतीस का देव बदलायला?" देव बदलण्याआधी मीच बदलले होते, हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगणार? चुलती दारातनंच ओरडली, "बाटली म्हणा की सरळ!" आबांनी तिला गप्प केलं, पण माझ्याशीही बोलले नाहीत. नंतर आईचा फोन यायचा तो वहिनीच्या मोबाइलवरनं, आबा रानात गेल्यावर. ती धर्माचं काही विचारायची नाही. "जेवलीस का? मशीन चालतंय न्हवं?" एवढंच. एकदा मात्र म्हणाली, "तुजा आवाज लई मोटा झालाय गं." मी म्हटलं, "काकूंच्यात राहून झालाय." ती हसली.

मग आबा गेले. मी पोचले तोवर सगळं आटपलं होतं. आईच्या हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ पुसलेलं होतं. आमच्या ग्रामपंचायतीनं असलं काही करायचं नाही म्हणून ठराव केलाय, भिंतीवर रंगवलाय सुद्धा. पण ठराव भिंतीवरच राहिला, उंबऱ्याच्या आत आला नाही. माझी आई, साऱ्या गल्लीच्या ओट्या भरणारी बाई, मागच्या खोलीत जाऊन बसली. जिथं मी बसायची, तिथंच.

गेल्या उन्हाळ्यात पियूचं लग्न ठरलं. तिनं स्वतः फोन केला, "आत्ती, ब्लाउज तूच शिवायचास, आन् हळदीला तू पायजेस." मी हो म्हटलं खरं, पण एसटीत बसल्यावर वाटलं, उतरून माघारी जावं. कळंब्यात पुढं बसणं सोपं होतं. तिथं मला सगळे नव्यानंच ओळखत होते. जिथं जुनं नाव पडलं, त्याच अंगणात नवीन माणूस म्हणून उभं राहता आलं नाही, तर पाण्यातनं वर आले ते काय अंग धुवायला? मी वाटभर प्रार्थना करत होते, की देवा, पाय मागच्या खोलीकडं वळू देऊ नको.

आणि वळले की! पण वेगळ्या कारणानं. अंगणात मांडव, पाटावर पियू, बायकांची गर्दी, आणि आई कुठंच दिसेना. वहिनी म्हणाली, "आत हायत. किती बोलावलं, येत न्हाईत." मी गेले तर आई मागच्या खोलीत, परड्याच्या दाराजवळ बसून तांदूळ निवडत होती. ते तांदूळ आधीच निवडलेले होते.

"आई, चल बाहेर."

"नगं बाई. पोरीचं वाईट व्हईल."

"मी आत्ता तिच्या अंगावर ब्लाउज चढवून आले. काय वाईट झालं?"

"तुजं येगळं हाय. तुजा द्येव येगळा."

मी खाली बसले. तिचे हात माझ्या हातात घेतले. बोडके हात. म्हटलं, "मी तुला देव सोडाय सांगत न्हाय. तुज्या देवापुढं रोज दिवा लाव. फकस्त हितनं ऊठ. ह्या दारातनं तू मला धाडलंस तवा मी गेले. मला राग न्हाय, आई. पर ही जागा तुजी न्हाय. माजी बी न्हवती."

तिनं तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "तुला भ्या वाटत न्हाय व्हय गं?"

"वाटतंय की. तरी चल."

आम्ही उठलो. सोप्यापर्यंत आलो आणि आईचे पाय थांबले. चुलतीनं बघितलं, आणि तिचं तोंड सुटलंच. "अगं बाई, दोघी बी? अक्का, जरा इचार करा, पोरीचं लगीन हाय!" माझ्या हातातला आईचा हात मागं ओढ घ्यायला लागला. मी सोडला नाही. माझी जीभ काहीतरी तिखट बोलणारच होती, तेवढ्यात पाटावरनं पियू ओरडली, "आज्जी, या की लवकर! माज्या पायाला मुंग्या आल्यात!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. आणि त्या हसण्यात आईनं उंबरा ओलांडला.

तिनं वाटीत बोटं बुडवली, पियूच्या दोन्ही गालांना हळद लावली, कपाळाला लावली, मग हातांना, मग पायांना. थांबेचना. इतक्या दिवसांची राहिलेली सगळी लावून टाकत होती जणू. पियू डोळे मिटून रडत होती. मी दोन पावलं मागं होते, माझ्याही नकळत. आईनं मान वळवली, वाटी माझ्याकडं धरली आणि सगळ्यांच्या देखत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"मालन, जरा म्होरं सर गं."

लग्न आटपल्यावर मी कोल्हापूरला निघाले. आई घरीच राहिली, तिच्या देव्हाऱ्याजवळ. मला कळंब्याला रविवारची उपासना होती. लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? मी म्हणते, दोन्ही. पूर्वी एकही नव्हतं. निघताना मी सवयीनं पिशवी उचलून परड्याकडं वळले, तर आईनं मागनं ओरडून विचारलं, "तिकडं कुटं निगालीस? दार हिकडं हाय." आणि पुढचं दार तिनं स्वतः सताड उघडून धरलं.