नलूची खावटी

कळंबजवळच्या एका खेड्यात नलू शाळेची खिचडी शिजवायची. नवरा अतुल पांढरकवड्याला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. मुलगी मैत्रेयी आठ वर्षांची असताना त्यानं तिकडेच दुसरा संसार थाटला. नलूचे वडील नागोराव तिला कोर्टात घेऊन गेले आणि पोरीसाठी खावटी, म्हणजे दरमहा पोटगी, मंजूर झाली. ती कागदावरच राहिली. वर्षभर अतुल एकच सांगत होता, जिनिंग बंद आहे. आणि तो नव्या मोटरसायकलवर फिरताना लोकांना दिसत होता.

शेवटी वॉरंट निघालं. पोलिसांनी त्याला जिनिंगच्या फाटकातून उचललं, तशी त्याच दिवशी सगळी थकबाकी भरली गेली. त्या पैशावर मैत्रेयी यवतमाळच्या वसतिगृहात राहून शिकू लागली. पुढे चार वर्षं खावटी वेळेवर आली, आणि कोणाला वाटलं नव्हतं, पण अतुलही यायला लागला. महिन्यातून एका रविवारी तो पोरीला भेटायचा. तिची वेणी घालायचा. ती वाकडी व्हायची, तरी मैत्रेयी दिवसभर सोडायची नाही.

मग ज्या साली कापूस पार बुडाला, त्या साली खावटी थांबली. सहा महिन्यांनी अतुल नलूच्या दारात उभा राहिला.

"नलू, जिनिंग बंद हाये. दिवाळीपासून. थोडं थांब ना."

"हे मी आधीबी ऐकलं हाये."

"या टायमाले खरं हाये वं."

नलू थांबली नाही. पोरीची फी तटली होती. पुन्हा वॉरंट निघालं आणि या वेळी अतुल महिनाभरासाठी जेलात गेला.

आठ-दहा दिवसांनी, अतुलच्या पगारातलं मालकाकडून काही मिळतं का बघावं म्हणून नलू बसनं पांढरकवड्याला गेली. जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं. चौकीदार रामधन म्हणाला, "बाई, यंदा इथं कापसाची एक गाडी नाही आली. अतुल तर रोजीसाठी गावभर फिरून राह्यला होता. मोटरसायकलबी इकली त्यानं."

नलू तिथंच मातीत बसली.

कोर्टातले तिचे वकील म्हणाले, "पैसे मिळाले असं लिहून द्या, तो सुटेल. पण मग ते पैसे विसरा." तिनं सही केली.

तो सुटला त्या सकाळी मायलेकी जेलच्या दाराशी उभ्या होत्या. मैत्रेयी "बाबा" म्हणत पुढे धावली. अतुलनं तोंड फिरवलं.

"मले नको पाहू, बेटा," एवढंच म्हणाला आणि चालू लागला. तो आदिलाबादकडे गेला, असं कोणी कोणी सांगतं.

मैत्रेयी आता नर्स आहे. पहिलं वॉरंट निघालं नसतं तर आपण शिकलोच नसतो, हे ती स्वतः म्हणते. दुसऱ्या वॉरंटचा विषय निघाला की उठून जाते.

सुटी मिळाली की ती आदिलाबादच्या बाजूला बापाचा फोटो दाखवत फिरते. नलू दर वेळी विचारते, "मी येऊ का?"

मैत्रेयी तिला नेत नाही.